खाडीचे अदृश्य कुरण : प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिम सरहद्द पुष्कळ ठिकाणी सह्याद्रीच्या माथ्याला लागूनच चालते. आणि त्यामुळे विशाळगडापासून चंदगडापर्यंतच्या टापूत आषाढात कोसळणाऱ्या पावसाला, जमिनीस टेकताक्षणी, दोन सर्वस्वी भिन्न प्रवासांपैकी एक पत्करावा लागतो. धारेच्या पूर्वेस पडलेले पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पात्रांतून प्रयाग चिखलीला एकत्र येते, पंचगंगा या नावाने कोल्हापूरच्या वेशीवरून वाहते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालून बंगालच्या उपसागरास पोहोचते. त्याच धारेच्या पश्चिमेस, कित्येकदा हाकेच्या अंतरावर पडलेले पाणी मात्र करूळ आणि भुईबावड्याच्या कड्यांवरून खाली झेपावते, शुक नदीच्या वाटेने खारेपाटणजवळ वाघोटणीत शिरते आणि शंभर किलोमीटरांच्या आतच विजयदुर्गाच्या तटाखाली खाऱ्या पाण्यास भेटते. विशाळगडाच्या शेजारी माचाळच्या पठारावर उगम पावणारी मुचकुंदी अशीच पूर्णगडाला समुद्रास मिळते. आणि तिलारी तर चंदगड तालुक्यातच जन्म घेऊन, दोडामार्गाच्या मुलखातून गोव्यात उतरून, शापोरा या नावाने सागरार्पण होते.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय या दुसऱ्या, आखूड आणि वेगवान प्रवासाच्या शेवटाशी निगडित आहे. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे दिवसातून दोनदा एकमेकांत घुसतात, त्या खाडीच्या पाण्यात तरंगत राहून सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या वनस्पती आहेत, त्यांना शास्त्रात वनस्पतिप्लवक म्हणतात. त्या केव्हा वाढतात, किती वाढतात आणि मुख्यतः त्यांची वाढ कशापाशी अडते, याचा विचार येथे केला आहे. खाडी हा कोकणचा मामला. घाटावरच्या माणसाला त्याचे काय कर्तव्य, अशी शंका कोल्हापुरात बसून हे पुस्तक चाळणाऱ्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तिचे उत्तर प्रारंभीच दिले पाहिजे. ज्या गगनबावड्यास वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथील डोंगर झिजवून जी माती, जी सिलिका आणि जंगलाच्या पानपाचोळ्याचे जे सार खाली जाते, त्यावरच कोकणातल्या खाड्यांचे पोषण पुष्कळ अंशी अवलंबून आहे. आणि उलट दिशेने पाहू जाता, मालवण, देवगड, रत्नागिरीहून घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात जी मासळी उतरते, तिच्या शरीरातला कण आणि कण, दोन-तीन तोंडांतून फिरून का होईना, मुळात याच सूक्ष्म वनस्पतींनी सूर्यप्रकाशातून घडवलेला असतो. घाटमाथा आणि खाडी ही एकाच जमाखर्चाची दोन पाने आहेत, आणि एक पान मिटून ठेवून दुसरे वाचता येत नाही.

या वनस्पतींना मूळ नाही, खोड नाही, पान नाही. बहुतेक एकपेशीय, काही एकास एक जोडून माळा करणाऱ्या. खाडीत त्यांच्यापैकी सर्वांत महत्त्वाच्या असतात त्या डायाटम, ज्यांना मराठी विश्वकोशाने करंडक वनस्पती असे समर्पक नाव दिले आहे. कारण प्रत्येक पेशी झाकणासह असलेल्या, सिलिकेच्या म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याच्या नक्षीदार डबीत बंदिस्त असते. पृथ्वीवरील सर्व वनस्पतींच्या एकूण वस्तुमानात समुद्रातील सर्व वनस्पतिप्लवकांचा मिळून वाटा शेकडा एकाहूनही कमी आहे. तथापि दर वर्षी नव्याने निर्माण होणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापैकी जवळजवळ निम्मे द्रव्य ते निर्माण करतात. या विसंगतीचा उलगडा त्यांच्या आयुष्याच्या गतीत आहे. परिस्थिती अनुकूल असेल तर एक डायाटम दिवसभरात एकाची दोन होते, कधी त्याहूनही लवकर. आणि जितक्या वेगाने ती वाढते तितक्याच वेगाने खाल्ली जाते, बुडते किंवा वाहून जाते. म्हणून खाडीच्या पाण्यात एखाद्या दिवशी किती पेशी सापडल्या, एवढ्यावरून तिथे पीक किती आले याचा अदमास करणे धोक्याचे असते. शिल्लक पाहून वसुलाचा आकडा सांगता येत नाही. १९५५ साली आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन् यांनी मलबारच्या किनाऱ्यावर फ्रॅजिलेरिया ओशियॅनिका ही एक डायाटम तारलीच्या विपुलतेची सूचक असल्याचे दाखवून दिले, तेव्हा कोळ्याच्या जाळ्याचा आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेचा संबंध आपल्या किनाऱ्यापुरता तरी निर्विवाद सिद्ध झाला.

आता वाढीला मर्यादा कशाची पडते, या मुख्य मुद्द्याकडे वळतो. लग्नाच्या पंगतीत भात मुबलक आहे, वरण मुबलक आहे, वाढपी तत्पर आहेत. परंतु पत्रावळी दोनशेच असतील, तर एका वेळी जेवणाऱ्यांची संख्या दोनशेच राहणार, आणि भात दुप्पट शिजवल्याने तीत एकाचीही भर पडणार नाही. शेतातल्या पिकासंबंधी हाच विचार जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल याने १८२८ च्या सुमारास मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग याने १८४० नंतर आपल्या कृषिरसायनावरील ग्रंथांतून तो सर्वतोमुखी केला : पीक किती येईल हे ज्या द्रव्याची गरजेच्या मानाने सर्वाधिक उणीव आहे, त्या एका द्रव्यावरून ठरते. कील येथील कार्ल ब्रान्ट याने शतकाच्या अखेरीस हा नियम समुद्राला लावला आणि तेव्हापासून समुद्रशास्त्रज्ञांच्या विचारांवर त्याचा अंमल आजतागायत चालू आहे. पुढे १९३४ साली आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, महासागरात कोठूनही प्लवक गोळा केले तरी त्याच्या घटनेत नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण जवळजवळ ठरलेलेच असते. पुढील परिष्करणानंतर ते फॉस्फरसच्या एका अणूस नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असे रूढ झाले. डायाटमना याशिवाय नायट्रोजनच्या जवळजवळ बरोबरीने सिलिका लागते. पाण्यात ही द्रव्ये कोणत्या प्रमाणात आहेत हे मोजले म्हणजे प्रथम काय संपणार याचा तर्क बांधता येतो. तर्कच, निकाल नव्हे. कारण पाण्यात एखादे द्रव्य कमी दिसते याचा अर्थ ते कमी येत आहे असा नसून, येताक्षणी फस्त होत आहे असाही असू शकतो.

उदाहरणासाठी आपल्याला दूर जावयास नको. रंकाळा हा मूळचा दगडाच्या खाणीचा खड्डा, असे परंपरा सांगते. आज त्याच्या काठी शालिनी पॅलेसची इमारत उभी आहे आणि संध्याकाळी निम्मे कोल्हापूर तेथे फिरावयास जाते. गेल्या काही दशकांत शहराचे सांडपाणी या तलावात येऊ लागले आणि मायक्रोसिस्टिस नावाच्या नील-हरित शैवलाने त्याचे पाणी वेळोवेळी दाट हिरवे करून सोडले. या शैवलाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या बळावर ते पृष्ठभागाशी येऊन साय धरते, खालच्या पाण्याचा प्रकाश अडवते आणि त्याच्या काही वाणांत यकृतास अपायकारक असे विषही असते. सांडपाण्यात नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो, कार्बनही असतो. मग दोषी कोणास धरावे? या प्रश्नाचा निर्णायक निवाडा कॅनडातील एका अनाम सरोवरात झाला. ज्याला केवळ २२६ हा अनुक्रमांक होता, त्या सरोवराच्या मधल्या अरुंद भागी डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या भागात या दोहोंच्या जोडीला फॉस्फरस घातला. फॉस्फरसवाला भाग लवकरच हिरवा झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या त्या सरोवराच्या छायाचित्राने कपडे धुण्याच्या साबणचुऱ्यातील फॉस्फेटवर पाश्चात्त्य देशांत जे निर्बंध आले, त्यांना केवढे बळ दिले असेल हे ते चित्र पाहिल्यावाचून समजणार नाही. फॉस्फरसच निर्णायक ठरण्याचे कारण असे की, गोड्या पाण्यात नायट्रोजन कमी पडला तर हवेतला नायट्रोजन बांधून घेणारी नील-हरित शैवले पुढे सरसावतात आणि तूट भरून काढतात. फॉस्फरस मात्र हवेत नाही, तो आणावयाचा म्हटला तर जमिनीवरूनच आणावा लागतो. इचलकरंजीच्या खालच्या अंगास पंचगंगेवर जे केंदाळ माजते, ती काही प्लवकाची जात नव्हे, ती मोठी तरंगती वनस्पती. परंतु तिचेही भरणपोषण याच सांडपाण्यावर आणि उसाच्या शेतांतून निथळणाऱ्या खतावर होते.

तलावात मिळालेला हा धडा घेऊन जो अभ्यासक खाडीवर जाईल त्याची मात्र फसगत होण्याचा संभव आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते; तळाच्या गाळातील लोह गंधकाशी बांधले जाऊन फॉस्फेट मोकळे सुटते, आणि नायट्रोजन बांधणाऱ्या शैवलांची खाऱ्या पाण्यात तितकीशी चलती नसते. म्हणून जॉन राइदर आणि विल्यम डन्स्टन यांनी १९७१ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून असे प्रतिपादन केले की, किनाऱ्यालगतच्या समुद्रात प्रथम संपतो तो नायट्रोजन. खाडी ही या दोन राज्यांची हद्द. तिच्या वरच्या, गोड्या अंगास फॉस्फरसचा अंमल, मुखाशी नायट्रोजनचा. आणि ही हद्द ऋतूप्रमाणे वरखाली सरकत राहते. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात वसंतात फॉस्फरस आणि उन्हाळ्यात नायट्रोजन उणा पडतो, हे अनेकांनी मोजून दाखवले आहे. तेव्हा खाडीसंबंधी अमुक एक द्रव्य मर्यादा घालते, असे सरसकट विधान करणाऱ्यास, कोणत्या महिन्यात आणि मुखापासून किती कोसांवर, असे विचारावे.

परंतु द्रव्यांचीच गोष्ट करीत बसणे हा आणखी एक प्रमाद आहे, आणि आपल्याकडील खाड्यांच्या बाबतीत तो विशेष नडतो. कोकणातली जांभ्याची तांबडी माती पावसाळ्यात नद्यांतून उतरू लागली म्हणजे पाणी असे गढूळ होते की, त्यात बुडवलेला हात कोपरापर्यंतही दिसत नाही. सूर्यप्रकाश पृष्ठभागी असतो त्याच्या शेकडा एक इतका जिथे उरतो, तिथवरच वनस्पतींना श्वासाचा खर्च वजा जाता काही कमावता येते. स्वच्छ समुद्रात ही खोली शंभर मीटरांच्या घरात जाते, तर गढूळ खाडीत ती पुरती एक मीटरही भरत नाही. शिवाय भरती-ओहोटीच्या घुसळणीने पेशी पृष्ठापासून तळापर्यंत फिरत राहते, म्हणजे तिच्या आयुष्याचा बहुतांश काळोखात जातो. हाराल्ड स्वेरड्रुप या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९५३ साली या हिशोबाला काटेकोर स्वरूप दिले : पाणी जितक्या खोलीपर्यंत घुसळले जाते ती खोली एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली की, पृष्ठाशी कितीही कमाई झाली तरी दिवसाअखेर पेशीच्या खाती तूटच राहते. म्हणून उधाणाच्या भरतीत, जेव्हा प्रवाह जोरात असतो आणि तळाचा गाळ उसळून वर येतो, तेव्हा वाढ मंदावते. भांगाच्या दिवसांत पाणी संथ होते, गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगतो, गाळ बसतो आणि वरच्या उजेडात अडकून पडलेल्या पेशींना संधी मिळते. पौर्णिमा-अमावास्येचा आणि अष्टमीचा हा फरक मासेमारी करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या जाळ्याचे वेळापत्रक याच तिथींवर चालते. जिथे गोडे पाणी खाऱ्याला भेटते तिथे मातीचे बारीक कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि बसू लागतात. तळाशी वर सरकणारे खारे पाणी त्यांना पुन्हा मागे लोटते. आणि त्यामुळे खाडीच्या मध्यावर कुठे तरी सर्वांत गढूळ असा एक पट्टा तयार होतो. या पट्ट्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूस, पाणी निवळते आणि हिरवे होऊ लागते. खारेपाटण हे एके काळी गलबते जिथवर चढत, असे नावाजलेले बंदर होते. शके ९३० चा, म्हणजे १००८ सालचा शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट तेथे सापडला, आणि शिलाहारांचीच एक शाखा कोल्हापुरी नांदली. ते बंदर गाळाने भरून निकामी झाले. या इतिहासाकडे केवळ व्यापाराच्या दृष्टीने न पाहता, तो गाळ पाण्यात असताना किती प्रकाश गिळीत असेल, या दृष्टीनेही पाहता येईल.

प्रकाशाच्या जोडीला आणखी एक उणीव आहे, ती वेळेची. पेशीला एकाची दोन व्हावयास एक दिवस लागतो असे धरले, आणि खाडीतले पाणी त्याहून लवकर समुद्रात निघून जात असेल, तर पोषकद्रव्ये आणि ऊन यांची रेलचेल असूनही पीक खाडीत उभे राहणारच नाही. पेरणी होण्यापूर्वीच शेत वाहून जाईल. पाण्याच्या खाडीतल्या मुक्कामाची ही मुदत गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी या खाड्यांसाठी अभ्यासकांनी अदमासली आहे : पावसाळ्यात सुमारे ५-६ दिवस, कोरड्या ऋतूत सुमारे ५० दिवस. सह्याद्रीवरून येणाऱ्या सर्वच नद्यांच्या बाबतीत ही तफावत मोठी आहे, कारण वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत येतो. युरोपातल्या नद्यांवर बेतलेली प्रमेये इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, ती मुख्यतः या कारणाने.

गोव्यातल्या या दोन खाड्यांविषयी, कुंभारजुवेच्या कालव्याने एकमेकींस जोडलेल्या मांडवी आणि झुआरी यांच्याविषयी, जेवढे ज्ञान आज उपलब्ध आहे तेवढे आपल्या परिसरातल्या दुसऱ्या कोणत्याही खाडीविषयी नाही. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम (१९५९-६५) संपल्यावर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे ठाणे दोनापावला येथे, या दोन मुखांमधल्या भूशिरावरच, पडले. पुढे तिचे संचालक झालेल्या डॉ. सैयद झहूर कासिम यांनी त्यापूर्वी कोचीच्या बॅकवॉटरमध्ये केलेले काम आमच्या मते भारतीय खाडीशास्त्राचा पाया आहे. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तेथे वनस्पतिप्लवक जेवढे अन्न तयार करतात त्याचा थोडाच भाग प्राणिप्लवक खातात आणि पुष्कळसे शिल्लक राहून तळाच्या जीवांस मिळते. आणि १९७२ च्या निबंधात त्यांनी असे मांडले की, तेथील कित्येक जाती पूर्ण खाऱ्या पाण्यापेक्षा मचूळ पाण्यातच अधिक जोमाने प्रकाशसंश्लेषण करतात. पावसाने खारेपण घटणे हे समुद्री वनस्पतींवर ओढवलेले अरिष्टच असणार, हा सामान्य समज या प्रयोगांनी खोडून काढला.

या अभ्यासांच्या आधाराने कोकणच्या खाडीचे वर्ष थोडक्यात असे सांगता येते. ज्येष्ठात पहिले पाणी येते ते उन्हाळाभर साचलेला पालापाचोळा, शेतातले खत आणि गावातली घाण घेऊन. झुआरीच्या मुखाशी स्केलेटोनेमा नावाची, माळा करणारी डायाटम या सुमारास आणि पुढेही पावसाने उघडीप दिली म्हणजे, झपाट्याने वाढताना आढळते. आषाढ-श्रावणात नायट्रेट आणि सिलिका यांची आवक शिगेला असते. परंतु आकाशात ढग, पाण्यात माती आणि पात्रात लोंढा असल्यामुळे त्या संपत्तीचा भोग घेण्याची सवड खाडीतल्या पेशींना क्वचितच मिळते, आणि ती संपत्ती बहुतांशी समुद्राच्या हवाली होते. भाद्रपद-आश्विनात पाणी निवळते, ऊन स्वच्छ पडते, द्रव्ये अजून शिल्लक असतात. हाच खरा सुगीचा काळ. त्यानंतर नदी आटत जाते, खारे पाणी मैलोगणती आत चढते, नवी आवक बंद होते आणि खाडीला आपल्याच तळातून, गाळातल्या जीवाणूंनी पुन्हा मोकळ्या केलेल्या द्रव्यांवर गुजराण करावी लागते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते ती तळावर राहणाऱ्या डायाटमची. कांदळवनाच्या कडेने ती सहज पाहता येते, आणि पुढच्या भरतीला त्यातला काही भाग पाण्यात मिसळतो. माघापासून चैत्रापर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रात ट्रायकोडेस्मियमचे पिवळट-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. हवेतला नायट्रोजन बांधणारी ही नील-हरित वनस्पती नेमक्या त्या ऋतूत प्रकट व्हावी, जेव्हा पृष्ठाच्या पाण्यातला नायट्रोजन संपलेला असतो, यात उणिवेच्या नियमाचा जेवढा स्वच्छ दाखला मिळतो तेवढा प्रयोगशाळेतही मिळणे कठीण.

खाणाऱ्यांचा विचार राहिला. प्राणिप्लवक, बोईसारखे मासे, कालवे, तिसऱ्या हे सारे या कुरणावर चरतात. त्यांचा अंमल कितपत चालतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात घडले : १९८६ साली आशियातून आलेली एक परकी शिंपली तेथे प्रथम आढळली, थोड्याच काळात तिने तळ व्यापला, आणि उपसागराच्या उत्तर भागात दर उन्हाळ्यात येणारा डायाटमचा बहर नाहीसा झाला. पाण्यातली पोषकद्रव्ये होती तेवढीच होती. आपल्याकडे खाडीतली वाळू उपसताना तिसऱ्यांची आणि खुब्यांची वस्तीही उपसली जाते, तेव्हा मर्यादा घालणाऱ्या या एका घटकाला आपण रजा देत आहोत, ही गोष्ट कोणाच्या खिजगणतीत नसते.

इथवर आल्यावर ज्या एका विचारासाठी हा ग्रंथ लिहिला, तो मांडण्याची वेळ आली आहे. एखाद्या खाडीत वर्षानुवर्षे सांडपाणी जात आहे, कारखान्यांचे पाणी जात आहे, आणि तरीही पाणी हिरवे होत नाही, मासे मरत नाहीत, असे दिसले म्हणजे ती खाडी हे सारे पचवते, असा दाखला देऊन अधिकारी आणि कारखानदार मोकळे होतात. पुष्कळदा त्या खाडीने काहीच पचवलेले नसते. गढूळपणाने आणि लोंढ्याने ते ऋण वसूल होण्याची मुदत फक्त पुढे ढकललेली असते. उद्या वर धरण झाले, गाळ धरणाच्या तळाशी बसू लागला आणि खाली निवळशंख पाणी येऊ लागले, अथवा नदीचा ओघ घटून पाण्याचा मुक्काम लांबला, तर मर्यादा घालणारा घटक बदलतो आणि तोवर निरुपद्रवी वाटणारे नायट्रोजन-फॉस्फरस एकदम फळास येतात. धरणात गाळाबरोबर सिलिकाही अडकते, आणि मग डायाटमच्या जागी सिलिकेची गरज नसलेल्या, मासळीला कमी उपयोगी, प्रसंगी विषारी अशा जातींना वाव मिळतो. डॅन्यूब नदीवरील धरणांनंतर काळ्या समुद्रात असे घडल्याचे प्रतिपादन १९९७ साली करण्यात आले आहे. उलट दिशेचा फेरफारही शक्य आहे. कोयनेचे, म्हणजे निसर्गतः पूर्वेस वाहणारे, ६७.५ अब्ज घनफूट पाणी वर्षाकाठी पश्चिमेस वळवून वीजनिर्मितीनंतर चिपळुणाजवळ वाशिष्ठीत सोडण्यास कृष्णा लवादाने मान्यता दिली आहे. ज्या दाभोळ खाडीत उन्हाळ्यात खारे पाणी निवांत आत चढावयाचे, तिथे आता भर वैशाखातही घाटमाथ्यावरचे गोडे पाणी उतरते. आणि त्याच खाडीला लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचा शेजार आहे. खारेपणाची हद्द, पाण्याच्या मुक्कामाची मुदत, गाळाचे प्रमाण, या तिन्ही गोष्टी माणसाच्या हुकमाने जिथे बदलल्या, तिथे प्लवकाचे पूर्वीचे वर्ष तसेच राहिले असेल असे मानण्यास काही आधार नाही. तिलारीच्या पाण्यालाही धरणे आणि कालवे लागले आहेत, आणि शापोऱ्याच्या मुखाशी त्याचा परिणाम काय, हा प्रश्न चंदगडकरांनी विचारावा असा आहे. पाणी त्यांच्याच तालुक्यातले आहे.

पहिल्या चार प्रकरणांत पोषकद्रव्ये, प्रकाश, क्षारता आणि पाण्याचा मुक्काम यांचे स्वतंत्र विवेचन केले आहे. पाचवे खाणाऱ्यांविषयी आहे. आणि उरलेल्या भागात वाघोटण, वाशिष्ठी, तिलारी, मांडवी या नद्यांचा उगमापासून मुखापर्यंत मागोवा घेतला आहे. रंकाळ्यावर एक दीर्घ परिशिष्ट जोडले, ते तलाव आणि खाडी यांतील भेद कोल्हापूरच्या वाचकास ओळखीच्या पाण्यावरून कळावा म्हणून. रसायनशास्त्राचे फारसे ज्ञान नसलेल्यास तिसरे प्रकरण प्रथम वाचून मग पहिल्याकडे वळता येईल.

एका गोष्टीची मात्र वाचकांपाशी, विशेषतः विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंतच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांपाशी, आग्रहाने मागणी करावयाची आहे. मांडवी-झुआरीच्या दप्तरासारखे सलग दप्तर आपल्या लहान खाड्यांचे नाही, आणि ते सुरू करण्यासाठी मोठ्या नौकेची किंवा महाग यंत्रांची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. आंजेलो सेकी या इटालियन धर्मोपदेशक-ज्योतिर्विदाने १८६५ साली पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली, आणि तेच साधन आजही जगभर वापरले जाते. ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी रंगवलेली पत्र्याची तबकडी, तिला खाली वजन, वर दर दहा सेंटिमीटरांवर खुणा केलेली दोरी, एवढे साहित्य कोणताही लोहार एका दिवसात करून देईल. महिन्यातून चार वेळा, उधाणाला आणि भांगाला, दुपारच्या सुमारास, पुलाच्या किंवा होडीच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडावी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी लिहावी. जोडीला तिथी, भरती-ओहोटीची वेळ, आदल्या तीन दिवसांचा पाऊस आणि पाण्याचा रंग नोंदवावा, आणि जागा मात्र वर्षभर बदलू नये.